पोलंडचा निवडणूक नकाशा: रंग एक, इतिहास दोन

प्रश्न असा आहे: जून २०२५ मधल्या पोलंडच्या अध्यक्षीय निवडणुकीचा जिल्हावार नकाशा पाहिला, तर पश्चिम आणि उत्तर भाग एका रंगात दिसतो, पूर्व आणि दक्षिण-पूर्व दुसऱ्या. मधली रेघ १९१४ पूर्वीच्या जर्मन साम्राज्याच्या सरहद्दीशी बऱ्यापैकी जुळते. शंभर वर्षांपूर्वी पुसलेली सरहद्द मतपेटीत कशी उतरते? आणि त्या भागातले जर्मन तर १९४५ नंतर हाकलले गेले, मग हा वारसा नेमका कोणाचा?

प्रश्नाचा दुसरा भाग जास्त मोलाचा आहे. बहुतेक लोक पहिल्यावरच थांबतात, नकाशावर जुन्या सरहद्दीची रेघ ओढतात आणि "बघा, बिस्मार्क अजून मतदान करतोय" असे म्हणून मोकळे होतात. पोलंडमध्ये दर निवडणुकीनंतर असे नकाशे समाजमाध्यमांवर फिरतात आणि विनोद म्हणून ते छानच असतात. पण मध्य युरोपचे निकाल गावपातळीवर वाचणे हे माझे बरीच वर्षे काम आहे, आणि जितके जवळ जावे तितकी ती रेघ फुटत जाते. माझे उत्तर थोडक्यात असे: त्या एका रंगाखाली निदान दोन वेगळे इतिहास आहेत. पोझनानच्या आसपास तीच पोलिश कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आणि प्रशियाच्या, म्हणजे पुढे जर्मन साम्राज्याचा गाभा झालेल्या जर्मन राज्याच्या, अमलाखाली घडली. व्रोत्सवाफ, श्चेचिन, ओल्श्टिनकडे मात्र आजचे बहुतेक लोक १९४५ नंतर आले. तिथे जर्मनांचा वारसा चालत आलेला नाही. तिथे जे दिसते ते मुळापासून उखडून दुसरीकडे लावलेल्या समाजाचे राजकारण आहे. आता सविस्तर.

आधी पक्ष. 'कायदा आणि न्याय' हा यारोस्वाव काचिन्स्की यांचा पक्ष. पोलिश आद्याक्षरांवरून त्याला 'पिस' म्हणतात. राष्ट्रवादी, चर्चशी जवळचा, आणि आर्थिक धोरणात सढळ हाताने वाटणारा. समोर डोनाल्ड टुस्क यांचा 'नागरी मंच' आणि त्याभोवतीची 'नागरी आघाडी': उदारमतवादी, युरोपीय संघाच्या बाजूची. २०२५ मध्ये पिसच्या पाठिंब्यावर इतिहासकार कारोल नाव्रोत्स्की उभे होते, समोर वॉर्साचे महापौर रफाऊ त्शास्कोव्स्की. निकाल ५०.८९ विरुद्ध ४९.११ टक्के. मतदान ७१.६३ टक्के, फरक सुमारे ३ लाख ७० हजार मतांचा. इतक्या अटीतटीच्या निवडणुकीचा नकाशा इतका सरळ दुभंगलेला दिसतो, यातच कोडे आहे.

१७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन घासांत प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशियाने पोलंड गिळला आणि १२३ वर्षे तो देश नकाशावर नव्हता. हा काळ साधासुधा नव्हता. शाळा, सातबाऱ्यासारखी जमिनीची नोंद, रेल्वे, नगरपालिका, मतदानाचा हक्क, शेतकऱ्याची भूदासपणातून सुटका, आधुनिक समाज ज्यातून घडतो ते सगळे याच काळात आले, आणि तिन्ही भागांत तीन वेगळ्या तऱ्हांनी आले.

प्रशियाच्या वाट्याला आलेल्या पोझनान भागात भूदास प्रथा सगळ्यात आधी सुटली आणि त्यातून बऱ्यापैकी मोठी शेती असलेला शेतकरी उभा राहिला. शाळा सक्तीची होती, पण जर्मनमध्ये. १९०१ मध्ये व्झेश्न्या गावातल्या मुलांनी धर्माचे धडे जर्मनमध्ये शिकायला नकार दिला, मार खाल्ला, आणि ते प्रकरण युरोपभर गाजले. १८८६ पासून सरकारी वसाहत आयोग पोलिश जमिनी विकत घेऊन जर्मन शेतकरी बसवत होता. पोझनानच्या पोलिश लोकांनी उठावापेक्षा पतपेढ्या, सहकारी बँका, शेतकी मंडळे आणि वाचनालये यांचा रस्ता धरला. 'सेंद्रिय कार्य' असा शब्दच त्या चळवळीला रूढ झाला. कायद्याने दाबणाऱ्या राज्याशी कायद्यानेच झुंजायचे, आणि त्यासाठी हिशेब चोख ठेवायचे. त्या भागातल्या माणसांची काटकसर आणि शिस्त हा आजही पोलंडमध्ये टिंगलीचा आणि आदराचा विषय आहे. गंमत म्हणजे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हाच पोझनान प्रदेश उजव्या राष्ट्रवाद्यांचा बालेकिल्ला होता. "प्रशियाने उदारमतवाद शिकवला" असे म्हणणाऱ्यांनी एवढ्या एका गोष्टीचे उत्तर आधी द्यावे.

गालिसिया, म्हणजे ऑस्ट्रियाचा भाग, मला सगळ्यात रंजक वाटतो. कारण तिथे दारिद्र्य आणि स्वातंत्र्य एकत्र नांदत होते. १८४८ मध्ये भूदास प्रथा संपली, १८६० च्या दशकात स्वायत्तता मिळाली. क्राकूफ आणि ल्वूफ (आजचे युक्रेनमधले ल्विव्ह) इथली विद्यापीठे पोलिशमध्ये शिकवू लागली, कचेरीत पोलिश बोलली जाऊ लागली, प्रांताचे स्वतःचे विधिमंडळ होते. पण शेताचे तुकडे होत होत इतके बारीक झाले की शिवारात वखर वळवायला जागा उरेना. लाखो माणसे अमेरिकेला गेली. शिकागोतल्या पोलिश मतदान केंद्रांत उजव्या उमेदवारांना मिळणाऱ्या मतांचा एक धागा इथून जातो.

या गरीब पण मोकळ्या प्रांतात शेतकरी राजकारणात आला. १८९५ मध्ये झेशूफ इथे शेतकऱ्यांचा पक्ष स्थापन झाला. तार्नूफजवळच्या व्हिएझ्खोस्वावित्से गावचा शेतकरी विंत्सेंटी व्हिटोस आधी व्हिएन्नाच्या संसदेत गेला आणि स्वतंत्र पोलंडचा पंतप्रधान झाला, तोही तीनदा. गावात पाद्री, शिक्षक आणि शेतकरी पुढारी अशी एक वीण तयार झाली. चर्चला इथे रशियात किंवा प्रशियात होता तसा राज्याचा जाच नव्हता. सम्राट स्वतः कॅथलिक. त्यामुळे चर्च संस्था म्हणून गावाच्या रोजच्या जगण्यात घट्ट रुजली. आणि सगळ्यात महत्त्वाचे, १९४५ मध्ये सान नदीच्या पश्चिमेकडचा गालिसिया जवळपास जागचा हलला नाही. यहुदी समाज नाझींनी संपवला, युक्रेनियन लोकांना हलवले गेले, पण पोलिश शेतकरी त्याच घरात, त्याच पॅरिशमध्ये, म्हणजे गावच्या चर्चच्या हद्दीत, राहिला. आज तार्नूफच्या धर्मप्रांतात रविवारच्या प्रार्थनेला जाणाऱ्यांचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास आहे. देशाची सरासरी तीस टक्क्यांच्याही खाली आली आहे. शेतीचे सरासरी क्षेत्र अजून चार-पाच हेक्टर. २०२० च्या दुसऱ्या फेरीत जुन्या गालिसियातल्या पोडकारपात्स्ये प्रांताने पिसच्या पाठिंब्याचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आंजेय डुडा यांना जवळपास ७१ टक्के मते दिली, ती या घट्ट विणीतून.

रशियन भागाबद्दल फार लांबण लावत नाही. भूदास मुक्ती उशिरा, १८६४ मध्ये, आणि तीही झारने बंडखोर जमीनदारांना धडा शिकवायला दिलेली. १८३० आणि १८६३ चे उठाव चिरडले गेले. स्थानिक स्वराज्य जवळजवळ शून्य, शाळा कमी, निरक्षरता प्रचंड. राज्य म्हणजे परकी पोलीस, एवढाच अनुभव. पण याच भागात वूज आणि दोम्ब्रोवा खोऱ्यात कापड आणि कोळशाचे उद्योग वाढले आणि कामगार चळवळ उभी राहिली, म्हणून "रशियन भाग म्हणजे मागास गाव" हे समीकरणही अर्धवटच.

आता १९४५ कडे येतो, कारण माझ्या मते नकाशाची खरी किल्ली इथे आहे.

याल्टा आणि पोट्सडॅमच्या करारांनी पोलंड उचलून पश्चिमेकडे सरकवला. पूर्वेकडचा 'क्रेसी' नावाचा सीमाप्रदेश, ल्वूफ आणि विल्नोसकट (आजचे लिथुआनियातले विल्नियस), सोव्हिएत संघाने घेतला. बदल्यात ओडर-नायसे नद्यांपर्यंतचा जर्मन मुलूख पोलंडला मिळाला. सरकारी भाषेत त्याला 'परत मिळवलेला प्रदेश' म्हणायचे. लाखो जर्मन गेले. रिकाम्या घरांत ढोबळमानाने निम्मे लोक मध्य पोलंडमधून आले, साधारण पाव हिस्सा क्रेसीतून. काही मूळचे लोक राहिले, मुख्यतः ऑपोले आणि वरच्या सायलेशियात. १९४७ मध्ये 'ऑपरेशन व्हिस्तुला' या लष्करी मोहिमेत दक्षिण-पूर्वेकडचे सुमारे १ लाख ४० हजार युक्रेनियन आणि लेम्को लोक उचलून याच उत्तर-पश्चिमेकडे विखरून टाकले गेले.

क्रेसीच्या लोकांचा महाराष्ट्राशी एक खरा धागा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. ती माणसे प्रामुख्याने क्रेसीचीच: १९४०-४१ मध्ये सोव्हिएतांनी सायबेरिया आणि कझाकस्तानला पाठवलेली, तिथून इराणमार्गे भारतात पोचलेली. युद्ध संपले तेव्हा त्यांची गावे पोलंडमध्ये उरलीच नव्हती. कित्येक जण ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेले. काही पोलंडला परतले, पण स्वतःच्या गावी परतणे कोणाच्याच नशिबी नव्हते. वळिवड्याला जे पाच हजारांच्या बाबतीत घडले, तेच पश्चिम पोलंडमध्ये लाखोंच्या बाबतीत घडले. ल्वूफचे प्राध्यापक, ग्रंथालय, पुतळे, रात्स्वावित्सेच्या लढाईचे अजस्र गोलाकार चित्र, सगळे व्रोत्सवाफला आले. काही गावे पाद्री आणि वेदीवरची तसबीर घेऊन एकगठ्ठा आली, पण बहुतेक ठिकाणी एका गल्लीत चार मुलुखांचे लोक जमले.

अशा समाजात पहिली तीस वर्षे काय अवस्था असते? घर दुसऱ्याचे, भांड्यांवर नाव दुसऱ्याचे, आणि जर्मन कधीही परत येतील ही भीती. पश्चिम जर्मनीने ही सरहद्द व्यवहारात मानली ती १९७० च्या वॉर्सा करारात. अंतिम शिक्कामोर्तब नोव्हेंबर १९९० मध्ये झाले. व्हॅटिकननेसुद्धा १९७२ पर्यंत तिथे कायमचे पोलिश धर्मप्रांत नेमले नाहीत. चर्चच हंगामी, मग माणूस कसा रुजणार? एकमेव हमी देणारा होता तो वॉर्सामधला राज्यकर्ता, म्हणजे कम्युनिस्ट पक्ष. त्या पक्षावर प्रेम असो वा नसो, त्याच्याशी व्यवहार करावाच लागे.

जमिनीचेही तसेच. मध्य आणि पूर्व पोलंडमध्ये सामूहिक शेतीचा प्रयोग १९५६ मध्ये कोसळला आणि शेतकऱ्याची स्वतःची पट्टी त्याच्याकडेच राहिली. पूर्व युरोपात हे दुर्मीळ. पश्चिमेला आणि उत्तरेला मात्र प्रशियन जमीनदारांच्या मोठ्या जहागिऱ्यांचे थेट सरकारी शेतमळे झाले. तिथला माणूस शेतकरी नव्हता, पगारी मजूर होता: सरकारी चाळीत राहणारा, सरकारी बसने जाणारा. ऑक्टोबर १९९१ च्या कायद्याने हे मळे गुंडाळले गेले आणि गावेच्या गावे बेकार झाली. आजही श्चेचिनच्या बाजूला शेताचा सरासरी आकार तीस हेक्टरच्या वर आहे. तार्नूफच्या शेतकऱ्याला तो आकडा ऐकूनच चक्कर येईल.

म्हणून १९९० च्या दशकात पश्चिम पोलंडने कोणाला मते दिली ते पाहा. १९९५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत माजी कम्युनिस्ट आलेक्सांदर क्वाश्न्येव्स्की यांनी तेव्हाचे अध्यक्ष लेक वालेसांना ५१.७ विरुद्ध ४८.३ असे हरवले. गालिसिया वालेसांकडे, पश्चिम आणि उत्तर क्वाश्न्येव्स्कींकडे. म्हणजे आज ज्याला आपण 'उदारमतवादी पश्चिम' म्हणतो तो तेव्हा डाव्यांचा, खरे तर जुन्या राजवटीच्या वारसदारांचा गड होता. २००१ मध्ये त्या डाव्या आघाडीला ४१ टक्के मते होती. मग लाचखोरीचे रिविन प्रकरण गाजले आणि २००५ मध्ये तीच आघाडी ११ टक्क्यांवर आपटली. तिची पश्चिमेकडची मते मोठ्या प्रमाणात टुस्क यांच्या नागरी मंचाकडे सरकली. पक्ष बदलला, विचारसरणी बदलली, रेघ जवळपास तिथेच.

यातून मी एकच निष्कर्ष काढतो: पश्चिमेचे मत कशासाठी आहे यापेक्षा कशाच्या विरोधात आहे ते जास्त टिकाऊ आहे. चर्च आणि राष्ट्र एकत्र बांधणारे राजकारण तिथे नीट रुजत नाही, कारण ते ज्या पॅरिशच्या आणि पिढीजात शेताच्या आधारावर वाढते ते तिथे नाही. विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण पश्चिमेकडच्या प्रांतांत देशात सगळ्यात जास्त, पोडकारपात्स्येमध्ये सगळ्यात कमी. मतदानाच्या आकड्यांपेक्षा या एका आकड्यात मला जास्त राजकारण दिसते.

शिवाय क्रेसीतून आलेल्यांच्या वंशजांबद्दल एक अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी केला आहे: त्यांचे शिक्षण इतरांपेक्षा सरासरी एका वर्षाने जास्त भरते. कारण समजायला सोपे. जमीन हिरावली जाऊ शकते हे ज्या घराने पाहिले, ते घर पुढची पुंजी डोक्यात साठवते. शिक्षण आणि उदारमतवादी मत यांचा संबंध पोलंडमध्येही आहे, त्यामुळे हाही एक झरा त्याच नदीला मिळतो.

मग जुन्या साम्राज्यांचा काहीच परिणाम नाही का? आहे, पण तो तपासायची पद्धत वेगळी. संपूर्ण पश्चिम आणि संपूर्ण पूर्व यांची तुलना करून उपयोग नाही. सरहद्दीला खेटून असलेली, दोन्ही बाजूंना लोकसंख्या न बदललेली गावे घ्यावी लागतात. असे काम झाले आहे आणि त्याचा निकाल लोकप्रिय नकाशांना फारसा अनुकूल नाही. जवळून पाहिले तर मतांमधली सर्वात मोठी दरी थेट साम्राज्यामुळे पडली असे ठरत नाही. ऑस्ट्रिया-रशिया सरहद्दीवर धार्मिकतेत आणि लोकशाहीबद्दलच्या श्रद्धेत फरक टिकून आहे; प्रशिया-रशिया सरहद्दीवर रेल्वेच्या जाळ्यात आणि त्यातून आलेल्या शहरीकरणात. रेल्वेचा नकाशा काढा, जर्मन साम्राज्याची सरहद्द आपोआप उमटते. कालिश आणि ऑस्त्रूफ ही दोन शहरे जेमतेम पंचवीस किलोमीटरवर, पहिले झारच्या राज्यात, दुसरे कैसरच्या. मधल्या स्काल्म्येझित्से नावाच्या छोट्या गावात अजून एक अवाढव्य रेल्वे स्थानक उभे आहे, कारण तिथे दोन साम्राज्ये आणि दोन वेगळे गेज भेटत.

गालिसिया आणि रशियन भाग यांच्यातली रेघ तर गेल्या वीस वर्षांत फिकी झाली आहे, हेही नोंदवायला हवे. जुन्या रशियन हद्दीतल्या क्येल्त्से भागातल्या खेड्यांत १९९० च्या दशकात डावे आणि शेतकरी पक्ष जोरात होते, तर शेजारच्या गालिसियात उजवे. पिसने नंतर दोन्हीकडची खेडी गिळली. ज्या भागात चर्च कमी आणि शेतकरी पक्ष जास्त होता, तोही आज त्याच रंगात दिसतो. पुन्हा तोच धडा: रंग एक, वाटा वेगळ्या.

सायलेशियात हे सगळे एका नदीवर येऊन ठेपते. ब्रिनित्सा नदीच्या पश्चिमेला काटोवित्से, जुना प्रशिया. पूर्वेला सोस्नोव्हिएत्स, जुना रशिया. आज दोन्ही एकाच प्रांतात, ट्रामने जोडलेली. पण एकमेकांवरचे विनोद ऐकावेत! सोस्नोव्हिएत्सचे खोरे परंपरेने लाल. कम्युनिस्ट काळातले नेते एडवर्ड गिएरेक तिथलेच. काटोवित्सेच्या बाजूला दोन महायुद्धांच्या मध्ये स्वतःचे प्रांतिक विधिमंडळ होते आणि २०२१ च्या जनगणनेत जवळपास सहा लाख लोकांनी स्वतःची ओळख सायलेशियन अशी लिहिली. २०११ मध्ये पिसच्या एका अहवालात सायलेशियन ओळखीला 'छुपा जर्मन पर्याय' म्हटले गेले. तिथल्या लोकांनी ते आजवर विसरलेले नाही. २०२४ मध्ये सायलेशियनला प्रादेशिक भाषेचा दर्जा देणारे विधेयक अध्यक्ष डुडांनी अडवले, तेव्हा जखमेवर मीठ पडले.

इतिहास नुसता जमिनीखाली पडून राहत नाही, पुढारी तो उकरून काढतात, याचे सगळ्यात चांगले उदाहरण २००५ चे. टुस्क काशुबियन या उत्तरेकडच्या छोट्या स्लाव्ह समाजातले, ग्दान्स्कचे. अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारात काचिन्स्की गटाने बाहेर काढले की त्यांचे आजोबा जर्मन सैन्यात होते. वॉर्साला हा आरोप गंभीर वाटला. पण पोमेरेनिया आणि सायलेशियात जर्मनांनी सक्तीने भरती केलेले आजोबा घरोघरी होते, त्यामुळे तिथे तो आरोप टुस्कवर न राहता प्रत्येकाच्या घरावर आला. टुस्क निवडणूक हरले, पण उत्तर आणि पश्चिम त्यांच्याबरोबर राहिले. 'एकजुटीचा पोलंड' विरुद्ध 'उदारमतवादी पोलंड' ही घोषणाही त्याच वर्षी पिसने घडवली. नकाशा आधीच होता. त्याला नावे देण्याचे काम त्या प्रचाराने केले.

अपवाद पाहिल्याशिवाय कोणताही सिद्धान्त मानू नये. पूर्वेकडच्या गडद पट्ट्यात हाइनूफ्का जिल्हा दर वेळी वेगळा चमकतो. बेलारूसच्या सरहद्दीवर, ऑर्थोडॉक्स बेलारूसी वस्तीचा हा भाग परंपरेने डाव्यांना, आता पिसविरोधी उमेदवारांना मत देतो. १९४६ च्या सुरुवातीला रोमुआल्ड राइस या कम्युनिस्टविरोधी भूमिगत सेनानीच्या तुकडीने तिथली ऑर्थोडॉक्स गावे जाळली, माणसे मारली. आणि २०१६ पासून राष्ट्रवादी हाइनूफ्का शहरातच अशा सेनानींच्या सन्मानार्थ मोर्चे काढू लागले. उजव्यांना मत का नाही, याचे आणखी स्पष्टीकरण लागत नाही. त्याच प्रांतात, शंभर किलोमीटरही नाही, व्हिसोक्ये माझोव्येत्स्ये हा जिल्हा देशातल्या सर्वात कट्टर उजव्या जिल्ह्यांपैकी एक. तिथे गरीब पण खानदानी कुलीनांची गावे. स्वतः नांगर धरतील, पण वंशचिन्ह भिंतीवर. दोन्ही जिल्हे झारच्याच राज्यात होते! ऑपोलेची तऱ्हा आणखी वेगळी: तिथल्या जर्मन अल्पसंख्याकांच्या यादीला पाच टक्क्यांच्या अटीतून सूट आहे, आणि १९९१ पासून त्यांचा निदान एक खासदार असायचा. २०२३ मध्ये तोही गेला.

आता वर्तमान. पिसला पूर्वेने फक्त आजोबांच्या आठवणीवर मते दिली असे समजणे अन्यायाचे आहे. १९९० नंतर छोट्या गावांच्या बस बंद झाल्या, शाखा रेल्वे बंद झाल्या, तरुण लंडनला गेले. उदारमतवादी सरकारांनी "बाजार पाहून घेईल" म्हटले. एप्रिल २०१६ पासून पिस सरकारने मुलांमागे महिना ५०० झ्वॉती द्यायला सुरुवात केली (२०२४ पासून ८०० झाले), आणि खेड्यातल्या घरांत पहिल्यांदा राज्य काहीतरी देते असा अनुभव आला. माझे स्पष्ट मत: ज्यांनी या मतदारांना 'मागास' म्हणून हिणवले, त्यांनी पिसचा प्रचार फुकटात केला.

आणि गाव-शहर दरी आज प्रदेशाइतकीच, कदाचित जास्त खोल आहे. २०२५ च्या मतदानोत्तर चाचणीत खेड्यांत नाव्रोत्स्कींना साठ टक्क्यांच्या वर, पाच लाखांवरच्या शहरांत त्शास्कोव्स्कींना तितकीच भक्कम मते दिसली. क्राकूफ आणि लुब्लिन शहरे आपापल्या प्रांताच्या विरुद्ध मत देतात. पश्चिमेला मोठी शहरे जास्त, छोटी शेती कमी. त्यामुळे नकाशावर जे 'प्रशिया' दिसते त्यातला एक भाग नुसता शहरीकरणाचा आहे. रंगवलेला नकाशा एकरांना मत देतो, हे तर लक्षात ठेवायचेच: पोडकारपात्स्येतही दहांतले तीन मतदार २०२० मध्ये त्शास्कोव्स्कींबरोबर होते.

संसदीय निवडणुकीत भूगोल आणखी एका मार्गाने घुसतो. सेयम या कनिष्ठ सभागृहाच्या ४६० जागा ४१ मतदारसंघांतून दोंट पद्धतीने, म्हणजे मतांच्या प्रमाणात पण मोठ्या पक्षांना थोडे झुकते माप देऊन, भरल्या जातात; पक्षाला पाच टक्के, आघाडीला आठ टक्के मतांची अट. मतदारसंघांच्या जागा लोकसंख्येप्रमाणे बदलायला हव्यात असे निवडणूक आयोगाने सांगूनही २०२३ च्या आधी त्या बदलल्या नाहीत, म्हणून वाढत्या शहरांना मतांच्या मानाने कमी जागा मिळाल्या. १५ ऑक्टोबर २०२३ ला व्रोत्सवाफच्या यागोद्नो या नव्या वसाहतीत मतदान रात्री जवळपास तीनपर्यंत चालले, कारण कागदावरच्या लोकसंख्येपेक्षा प्रत्यक्षात राहणारे कितीतरी जास्त होते. त्या निवडणुकीत पिस ३५.४ टक्के मते घेऊन पहिला आला, १९४ जागा जिंकला आणि तरी सत्तेबाहेर गेला. मतदान ७४.४ टक्के झाले. १९८९ पासून इतके कधीच झाले नव्हते.

ही रेघ पुसली जाईल का? तरुणांकडे पाहिले तर पुसट होताना दिसते. २०२५ च्या पहिल्या फेरीत तिशीच्या आतल्या मतदारांत पहिला आला कडवा बाजारवादी स्वावोमीर मेंत्सेन आणि दुसरा डावा आद्रियान झांडबर्ग. दोन्ही मोठे उमेदवार मागे. या पिढीला ना कम्युनिस्ट राज्य आठवते, ना २००५ ची घोषणा. दुसऱ्या फेरीत दोनच नावे उरली की मात्र सगळ्यांना कुठल्या तरी एका बाजूला जावे लागते आणि जुना नकाशा वर येतो. त्यामुळे अध्यक्षीय दुसऱ्या फेरीवरून पोलंड किती दुभंगला आहे हे ठरवू नका. ती फेरी दुभंग मोठा करून दाखवते. २०२७ ची सेयम निवडणूक त्या दृष्टीने जास्त कामाची ठरेल.

स्वतः तपासायचे असेल, तर राज्य निवडणूक आयोग मतदान केंद्रनिहाय निकाल संकेतस्थळावर देतो. सबंध देशाचा नकाशा बाजूला ठेवा आणि जोड्या घ्या: कालिश-ऑस्त्रूफ, काटोवित्से-सोस्नोव्हिएत्स, हाइनूफ्का-व्हिसोक्ये. प्रत्येक जोडीत १९९५, २००५, २०१५ आणि २०२५ असे चार निकाल ओळीने मांडा, आणि टक्केवारीपेक्षा तिच्यातला चढ-उतार वाचा. व्रोत्सवाफजवळचे एखादे माजी सरकारी शेतमळ्याचे गावही त्यात घाला. क्वाश्न्येव्स्की, टुस्क आणि पिस या तिघांकडे एकच गाव वेगवेगळ्या वेळी कसे झुकले किंवा झुकले नाही, हे तिथे सर्वात स्पष्ट कळेल.